घरभुताची खीर

इल्वाने पिशवीतून चुरगळलेला कागद काढून गावातली कोडी सोडवणाऱ्या दीसाच्या टेबलावर ठेवला. वर्तमानपत्रातून फाडलेली, तिच्या वडिलांच्या निधनाची बातमी. बातमीवर पेनने लिहिलेलं : ‘मेलेल्याला झोपू दे.’

“काल संध्याकाळी दाराच्या फटीत सापडला,” ती म्हणाली. “सकाळीच मी नगरपालिकेकडे जाहिरातींच्या हिशेबाचे कागद मागितले होते.”

तिचे वडील एसकिल शेवटपर्यंत गावच्या वर्तमानपत्राचे संपादक होते. त्यांच्या आजारपणात नगरपालिकेच्या जाहिराती एकदम वाढल्या आणि नगरपालिकेला हव्या असलेल्या खाणीविरुद्धच्या बातम्या थांबल्या. म्हाताऱ्याने पेपर विकला, असं गाव म्हणू लागलं. हे खरं की खोटं, ते इल्वाला पाहायचं होतं. पाहायची भीतीही तिलाच वाटत होती.

“कागदांत काय निघालं?” रूबेनने विचारलं. हा दीसाचा सोबती, निवृत्त पोस्टमन.

“पैसे दिल्याची नोंद आहे. कुणाशी ठरलं, ते नाही.”

“तू नाव दिलं होतंस?” दीसाने विचारलं.

“नाही. ई-मेलसाठी नवा पत्ता काढला, ‘घरभुताची खीर’ नावाने. बाबा दवाखान्यात सारखं तेवढंच पुटपुटायचे. म्हटलं, लहानपणचा नाताळ आठवत असेल.”

“माझी आजी नाताळच्या रात्री घर राखणाऱ्या भुतासाठी गोठ्यात ठेवायची,” रूबेन खुलला. “खीर खाल्ली की घरभूत वर्षभर गप्प. ठेवायला विसरलं, तर गाई सोडून देणार.”

दीसाने कोट चढवला.

नगरपालिकेत कागदपत्रांच्या खिडकीशी गेर्ड होती. “पत्ता वाचून हसले मी. कोण होता, कोण होती, कुणास ठाऊक. विचारलं तर माझीच नोकरी जायची. जाहिराती स्टेलान बघतो, म्हणून त्याच्याकडे पाठवलं. पेपरलाही कळवलं.”

पेपरचा नवा संपादक योआकिम वैतागला. “खीर म्हणे. असेल कुणीतरी रिकामटेकडा. त्याला म्हणावं, समोर ये. आणि जाहिरातींचं एसकिल असतानाच ठरलं, मला विचारू नकोस.”

स्टेलानने मात्र खुर्ची दिली. “मागणाऱ्याचं नाव आम्ही विचारत नाही, दीसा. कायद्यानेच बंदी आहे. तिला हवं होतं ते दिलं, विषय संपला. कॉफी घेणार?”

दीसाने कॉफी घेतली.

“म्हणजे कुणालाच माहीत नाही,” बाहेर आल्यावर रूबेन म्हणाला. “मग कागद काय भुताने ठेवला?”

“उद्या सगळ्यांना गेर्डच्या खिडकीशी बोलाव.”

इल्वाचा रात्री फोन आला. “बाबांचं नाव निघालं, तर आधी मला एकटीला सांगशील?”

“सगळ्यांसमोरच सांगेन,” दीसा म्हणाली. इल्वाला झोप लागली नाही.

सकाळी सगळे जमले.

“मागणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं,” दीसाने सुरुवात केली. “गेर्डला तो की ती, कळलं नाही. योआकिमने पुरुष धरला. स्टेलान, तू ‘तिला’ म्हणालास.”

“बोलण्याच्या ओघात येतं.”

“येतं. पण कागदही नेमका तिच्याच दारात गेला. त्या पत्त्यात गेर्डला गंमत दिसली, तुला एसकिलची मुलगी दिसली. कारण हे शब्द तू एसकिलच्या तोंडून ऐकले होतेस. रूबेन, खीर कशासाठी ठेवतात?”

“गप्प बसावं म्हणून,” रूबेन म्हणाला, आणि मग त्याचाच चेहरा बदलला.

“जाहिराती घेऊन तू त्याच्याकडे गेलास, स्टेलान. तो काय म्हणाला?”

स्टेलानने योआकिमकडे पाहिलं. योआकिम जमिनीकडे बघत होता.

“म्हणाला, मला काय घरभूत समजलास? ही खीर परत ने.” स्टेलानचा आवाज खाली गेला. “मग तो आजारी पडला. तेव्हा पेपर सांभाळणाऱ्या योआकिमने खीर घेतली. आणि परवा तो पत्ता पाहिला. वाटलं, बापाने मुलीला सगळं सांगितलंय, म्हणून दारात तो कागद ठेवला.”

“सांगितलं नव्हतं,” दीसा म्हणाली. “ते आत्ता तू सांगितलंस.”

गेर्ड टाइप करू लागली होती. “याची मी नोंद करतेय. कुणीही मागावी.”

इल्वाने स्टेलानला विचारलं, “बाबा चिडले होते?”

“नाही. हसत होता. दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, पायरीवर बर्फ आहे, जपून उतर.”