अफूमुक्त वडजी

वडजी तालुक्यात अफूचं एक रोप नव्हतं, तरी निम्म्याहून जास्त लोकांच्या लघवीत मॉर्फिन सापडत होतं. अमली पदार्थ नियंत्रण आयुक्त हेमलता सोनकांबळे यांना मंत्रालयातून रोज विचारणा होई, कारवाई कधी?

"कारवाई कुणावर करू?" त्या डॉ. इरफान मुजावरांवर वैतागल्या. "माल लोकांच्या पोटात तयार होतोय."

मुजावर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. वेदनाशामक औषध स्वस्तात बनावं म्हणून एका कारखान्याने यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीत, अफूच्या झाडाची जनुकं घातली होती. ही बुरशी साखर खाऊन मॉर्फिन बनवी. सांडपाण्यातून ती निसटली आणि माणसांच्या आतड्यांत वस्तीला आली. मुजावरांनी तिचं नाव ठेवलं होतं अफूकिण्व.

"नशा चढण्याइतकं ते बनत नाही, पण शरीराला सवय लागते," ते म्हणाले. "बुरशी मारायची गोळी आहे. सोबत मॉर्फिन द्यायचं आणि महिन्या-महिन्याने कमी करत न्यायचं."

"धडधाकट माणसांना सरकारने मॉर्फिन वाटायचं? कुठल्या कायद्यात बसतं ते?"

"कायद्याने तर अख्खा तालुकाच उत्पादक ठरतो, मॅडम."

तेच त्यांना टाळायचं होतं. मॉर्फिनच्या परवानगीची फाइल त्यांनी वर पाठवली. ती परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा आली. तिकडे मंत्रालयात लोकांवर खटले भरण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा चरफडत त्यांनी नुसत्या गोळीच्या आदेशावर सही केली.

तालुका अंथरुणाला खिळला. जुलाब, थंडी, हाडं मोडल्यासारखी अंगदुखी. काही आठवड्यांनी तपासण्या स्वच्छ आल्या आणि मंत्रालयाने वडजी तालुका अफूमुक्त जाहीर केला.

पाहणीला गेलेल्या हेमलताबाई सुगंधा खिलारेच्या ओट्यावर टेकल्या. सुगंधा विड्या वळत होती.

"आता बरं आहे ना?"

"मधी लई वाईट गेलं, बाई. बोटं वळंनात, झोप न्हाई. आता हाय बरं."

"औषध घेतलंत?"

सुगंधा घुटमळली. "तुमचीच माणसं सांगून गेली ना, पोटात अफू हुती म्हणून. तवर आमी तिचं नावबी घेतलं नव्हतं. आता एकजण मोटरसायकलवर येतो, पुड्या देतो. समदा गाव घेतो."

हेमलताबाईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं, पर्समधून फोन काढला.

सुगंधाने विडीचं पान खाली ठेवलं आणि त्यांचा हात धरला.

"बाई, पाया पडते. त्याला तेवढं पकडू नका."