केसदाखला

सांगलीच्या केसदाखला केंद्रात कागदपत्रं कोणी मागत नाही. शिधापत्रिका नको, तलाठ्याची सही नको, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला तर नकोच नको. मानेजवळचे दहा-बारा केस कापून द्यायचे. यंत्र ते वाचतं आणि अर्ध्या तासात सांगतं, या माणसाला आरोग्य सवलतीचं कार्ड मिळणार की नाही. हे सुरू झालं तेव्हा खोट्या दाखल्यांवर पोसलेले एजंट हवालदिल झाले आणि बाकी सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. हळदीच्या गोदामात हळद निवडणाऱ्या प्रणाली ऐवळेनेही वाजवल्या होत्या.

आज मात्र ती दोन चिठ्ठ्या घेऊन फेरतपासणीच्या खोलीत बसली होती. तिच्या चिठ्ठीवर ‘पात्र’ असं लिहिलं होतं आणि तिच्या नऊ वर्षांच्या आर्वीच्या चिठ्ठीवर ‘अपात्र’. प्रणालीला कसलाही आजार नव्हता. आर्वीच्या हृदयाची एक झडप मात्र संधिज्वराने निकामी होत चालली होती. वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झाली तर पोर वाचेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि कार्डाशिवाय ती शस्त्रक्रिया ऐवळ्यांच्या सात पिढ्यांना परवडली नसती.

समोर डॉ. वरदा शेवडे होत्या. हे यंत्र ज्यांनी घडवलं, त्यांच्यापैकी एक. आठवड्यातून एकदा त्या तक्रारी ऐकायला स्वतः येत.

“मॅडम, आम्ही दोघी एकाच चुलीवरचं खातोय,” प्रणाली म्हणाली. “मग मी गरीब आणि माझी पोरगी श्रीमंत, हे कसं? मशीन चुकलं असंल.”

“यंत्र चुकलेलं नाही, प्रणालीताई. मी समजावून सांगते.” शेवडेबाईंनी मेजावर एक लांब केस ठेवला आणि शेजारी पट्टी ठेवली. “केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे बारा सेंटिमीटरचा केस ही वर्षभराची रोजनिशी झाली. पोटाला कमी पडलं, की शरीर आपलेच स्नायू जाळून वेळ भागवतं. अशा वेळी नायट्रोजनचा एक जड प्रकार केसात जास्त उतरतो. त्या खुणेला आम्ही उपासरेघ म्हणतो. वर्षात सलग तीन महिने ती दिसली, की कार्ड. तुमच्या केसात ती वर्षभर आहे. मुलीच्या केसात कुठेच नाही. तुमची मुलगी एकदाही उपाशी राहिलेली नाही.”

प्रणालीचा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या बाईंनी, तेही यंत्राच्या साक्षीने, तिला शाबासकी दिली होती. मग त्या शाबासकीचा अर्थ तिच्या लक्षात आला.

“व्हय, न्हाई ठेवली उपाशी,” ती म्हणाली. “आमच्या गोदामात अंड्यांची भिशी हाय, मॅडम. आम्ही बाराजणी. दर सोमवारी हरेकीनं दोन अंडी आणि पसाभर शेंगदाणं आणायचं. ज्या बाईची पाळी, ती सगळं घरी नेणार, फकस्त पोरांसाठी. बाईनं त्यातलं एकबी तोंडात टाकायचं न्हाई, अशी शपथच हाय. आमची पोरं बघा, एक मरतुकडं दिसायचं न्हाई.”

“चांगली पद्धत आहे,” शेवडेबाई हळूच म्हणाल्या.

“मग माझं कार्ड तिच्या नावावर करा.”

“तसं करता येत नाही. कार्ड ज्याचं त्याचं असतं.”

ही अट शेवडेबाईंनीच भांडून घालून घेतली होती. भरल्या घरातही सुना आणि मुली अर्धपोटी राहतात आणि घराच्या दाखल्यात ते दिसत नाही, म्हणून दाखला माणसागणिक हवा, असं त्यांनी ठासून मांडलं होतं, आणि ते खरंही होतं. पण आई उपाशी राहून पोराला पोटभर घालत असेल, हे त्या बैठकीत कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कुणाच्या ताटात वाढायचं आणि कुणाच्या नाही, हा प्रश्न तिथल्या कुणालाच कधी पडला नव्हता.

“ती रेघ उठायला किती दिस लागत्यात?” प्रणालीने विचारलं.

“महिन्याभरात दिसू लागते. तीन महिन्यांची म्हणजे तीन सेंटिमीटर.” विद्यार्थ्याला सांगावं तसं शेवडेबाईंनी सांगून टाकलं. प्रश्नाचा रोख त्यांना नंतर कळला. “ताई, असला विचार मनातही आणू नका. तिचं हृदय आधीच...”

पण प्रणाली केव्हाच उठली होती.

पुढच्या सोमवारी गोदामातली भिशी मोडली. प्रणालीने घडलेलं सगळं सांगितलं. भिशी सुरू करणाऱ्या रुक्सानाभाभीच म्हणाल्या, “उद्या माझ्या नातीला काय झालं, तर कार्डाबिगर मी कुठं जाऊ?” कुणी कुणाकडे बघितलं नाही. त्या दिवसापासून बारा घरांतली पोरं मोजकं जेवू लागली.

आर्वीला आईने सांगितलं, की डॉक्टरांनी पथ्य दिलंय. पोरगी शहाणी होती, म्हणून तिने हट्ट केला नाही. सकाळी पाव भाकरी, संध्याकाळी पाव. उरलेली भाकरी प्रणालीने स्वतः खायला हवी होती, पण ती तिच्या घशाखाली उतरेना. ती भाकरी शेजारच्यांच्या शेळीला जाऊ लागली. शेळी चांगली गुटगुटीत झाली. प्रणालीला ती डोळ्यांसमोर नको व्हायची.

साडेतीन महिन्यांनी दोघी पुन्हा केंद्रात आल्या. आर्वीला जिना चढवेना, तेव्हा प्रणालीने तिला कडेवर घेतलं. नऊ वर्षांची मुलगी कडेवर सहज बसली. यंत्राने ‘पात्र’ अशी चिठ्ठी दिली, आणि प्रणाली ती घेऊन शेवडेबाईंपुढे उभी राहिली.

शेवडेबाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग मुलीकडे. त्यांनी स्वतःच रुग्णालयात फोन लावून शल्यविशारदांशी बोलणं केलं.

“कार्ड मिळालंय,” त्या म्हणाल्या. “पण अशा अशक्त मुलीला ते टेबलावर घेणार नाहीत. आधी चार किलो वजन वाढवून आणा, म्हणतात. त्याला सहा-सात महिने लागतील.”

“वाढवते की. आजपासनं घालते पोटभर.”

“प्रणालीताई, दर सहा महिन्यांनी पुन्हा केस बघतात, आणि तेव्हा फक्त मधल्या सहा महिन्यांत वाढलेला केस धरतात. ती पोटभर जेवली, तर नव्या केसात रेघ येणार नाही. शस्त्रक्रियेआधीच कार्ड रद्द होईल.”

प्रणाली खाली बसली. आपण काय करून ठेवलं, हे तिला आता कळलं होतं, आणि ते उलटं फिरवता येणार नव्हतं. शेवडेबाईंना वाटलं, की हिने आपल्याला शिव्या द्याव्यात. पण प्रणाली हातातली चिठ्ठी पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली.

आर्वीने आईचा पदर ओढला. कार्ड मिळालं एवढं तिला समजलं होतं.

“आई,” तिने विचारलं, “आता मी जेवू?”

आर्वी उत्तराची वाट पाहत शहाण्यासारखी उभी होती.