धुरकट उजेड

अनसूया मावशीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशकात आणायचं, एवढ्याच कामाला मी आणि माझा अथर्व तिच्या मळ्यावर गेलो होतो. देवळाली कॅम्पाच्या पलीकडे तिची भाजीची शेती. मावशी निघायला तयार नव्हती.

"रोज दिवेलागणीला विहिरीवर उजेड येतो," ती म्हणाली. "मी नसले तर कोणाकडं बघंल त्यो?"

तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला. काळोखात एक पांढरट गोळा. गावात लोक त्याला उडती तबकडी म्हणत होते.

अथर्व हसला. "आजी, तबकड्या नेहमी धुरकट फोटोतच कशा गं येतात? कॅमेऱ्याला तुझा तेलाचा हात लागलाय, डोळ्यात मोतीबिंदू, आणि पलीकडे लष्कराच्या सरावातले उजेडाचे गोळे."

"गोळा खाली पडतो, बाळा. ह्यो थांबतो."

त्यानं कॅमेऱ्याची काच पुसली आणि विहिरीचा फोटो काढला. नुसता काळोख आला. मावशीचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं, उगाच पुसली.

चुलीपाशी ती हळूच म्हणाली, "तुझे काका पाण्याची मोटार चालू करायला गेले तवा 'येतो' म्हणाले. मी भाकरी थापत होते. 'या' म्हणायचं राहिलं. विहिरीवरच शॉक बसून गेले... म्हणून बाहेरच थांबत्यात."

"मग त्यांना आपला पत्ता सांग की," मी म्हटलं. तिची समजूत काढायला, दुसरं काय.

ती उठली, विहिरीकडे तोंड करून म्हणाली, "ह्या मनीषाकडं जाते, नाशकात. तिसरा मजला. खिडकी उघडी ठेवते."

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली, मावशीला माझ्या साडीवरची बारीक नक्षीसुद्धा दिसू लागली. एका संध्याकाळी ती खिडकीशी बसली होती. मी दिवा लावत होते. अचानक घरात वास आला... पाटाच्या पाण्याचा, ओल्या मातीचा. तिसऱ्या मजल्यावर.

"मने... आले."

गजांपलीकडे, हवेत, वाटीएवढा पांढरा उजेड थांबला होता. अथर्वनं मोबाइलची काच शर्टाला पुसली.

मावशीनं पदर सारखा केला आणि अगदी सावकाश म्हणाली, "या."

अथर्वनं फोटो काढला. तो अजून आमच्याकडे आहे. अजिबात धुरकट नाही. खिडकीचा गज न् गज मोजता येतो.

फक्त, ते गज उजेडाच्या मागे आहेत.