मागच्या खिडकीतला दिवा

शेषगिरी राव एन्नोरला गेला तो देवळाचं छप्पर बघायला. देऊळ म्हणजे आपलं नव्हे, ख्रिस्त्यांचं. रंगा, हसू नकोस. हसायचंच असेल तर खाली जा आणि वसंताक्काला काप्पी करायला सांग. आणि विद्युलता, तू जवळ सरकून बस. मागनं घाबरून सरकशील, त्यापेक्षा आत्ताच सरकलेलं बरं.

हा शेषगिरी इथलाच, वेस्ट मांबलमचा, आपल्या मागच्या गल्लीतला. तंजावरहून आमची दोघांची घरं एकाच साली मद्रासला आली. नुंगंबाक्कमला एका बिशपची मोठी कचेरी होती, तिथं तो सगळ्या हिशेबांचा प्रमुख होता. कंट्रोलर म्हणायचे त्याला. गोपीचंदन लावलेला माध्व माणूस चर्चचा खजिना सांभाळतो म्हणून आम्ही त्याची थट्टा करायचो. तो म्हणायचा, "देव कुणाचा का असेना, पैसा देवाचा आहे ना?" चाळीसएक चर्चं त्या कचेरीच्या हाताखाली. मेणबत्तीपासून कौलापर्यंत कुठलाही खर्च त्याच्या सहीवाचून होत नसे. माणूस सचोटीचा, पण चिक्कू. स्वतःच्या घरीही तेवढाच चिक्कू, म्हणून कुणाला राग येत नसे इतकंच.

साल एकोणसाठ. नोव्हेंबरची दोन तारीख, सोमवार. आपली दिवाळी नुकतीच सरली होती. ख्रिस्ती लोकांचा तो पितरांचा दिवस. थडगी धुवायची, फुलं वाहायची, अंधार पडला की मेणबत्त्या लावायच्या. कचेरीला सुट्टी. एन्नोरच्या खाडीपलीकडं, मच्छीमारांच्या वस्तीत एक लहानसं चर्च होतं. त्याच्या छपराचा खर्च मंजुरीला आला होता आणि तो आकडा काही शेषगिरीच्या गळी उतरत नव्हता. "सुट्टी फुकट कशाला घालवू? जाऊन डोळ्यांनी बघून येतो," म्हणाला. कृष्णवेणीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, डब्यात दहीभात दिला. दिवेलागणीला परत येतो म्हणून सांगून गडी बसमध्ये बसला.

खाडी पडावातून ओलांडली. छप्पर बघितलं. खरंच गेलेलं होतं हो, वासे कुजून भुसा पडत होता. त्यानं तिथल्या तिथं मनात खर्च मंजूर केला. पण तोवर ईशान्येचा वारा उठला, खाडीत पाणी उसळायला लागलं, आणि पडाववाला म्हणाला, "आता काही नाही अय्या. उद्या सकाळी." पाद्री पितरांच्या प्रार्थनेसाठी शहरातल्या मोठ्या दफनभूमीत गेलेला. मग राहणार कुठं? चर्चच्या मागच्या खोलीत.

चर्च झाडायला एक बाई होती, सवरियम्मा नावाची. चाळिशीची असेल, पण अंगावर मांस उरलं नव्हतं. तिनं चटई आणून अंथरली. ब्राह्मण माणूस आपल्या हातचं शिजवलेलं खायचा नाही हे ओळखून केळी आणली, शहाळं आणलं. बाहेर वाळूत थडग्यांवर मेणबत्त्या लागत होत्या. वारा विझवत होता, बायका पुन्हा लावत होत्या. शेषगिरीनं सहज म्हटलं, "अम्मा, तुलाही तुझ्या माणसांकडं जायचं असेल. जा तू, माझी काळजी करू नकोस."

"माझ्या माणसांना थडगं नाही, अय्या."

नवरा होता, अरुळप्पन. आणि एकुलता मुलगा, मिसरूड फुटलेला. मागल्या वर्षी ह्याच दिवसांत दोघं कट्टुमरम घेऊन गेले. कट्टुमरम म्हणजे ओंडके बांधून केलेला तराफा, त्यावर बसून ही माणसं समुद्रावर जातात, छाती बघा त्यांची! पावसानं गाठलं, अंधार झाला, आणि ते आलेच नाहीत. देह मिळाले नाहीत म्हणून थडगं नाही. थडगं नाही म्हणून मेणबत्ती नाही. गळ्यातली ताली, म्हणजे आपलं मंगळसूत्र, तिनं अजून उतरवली नव्हती. कुठल्या दिवशी उतरवायची, तेच तिला कळत नव्हतं.

खोलीला मागं समुद्राकडं एक खिडकी होती. तिकडं बघत ती म्हणाली, "पूर्वी ह्या खिडकीत कंदील असायचा. माझ्या सासऱ्याच्या काळापासून. दोन्ही बाजूंना वाळूचे दांडे आहेत, मधली वाट त्या दिव्यावरून कळायची. मग पट्टणातल्या कुणा अधिकाऱ्यानं तेल कापलं."

शेषगिरीच्या हातातलं शहाळं हातातच राहिलं.

त्याला आठवलं ना! ह्या चर्चच्या खर्चात दोन दिव्यांचं रॉकेल असायचं. एक दिवा देवापुढं, एक मागं. "देव पुढं बसतो, मागं कुणाला दिवा दाखवता?" असं म्हणून त्यानं लाल पेन्सिलीनं दुसरा दिवा खोडला होता. कचेरीतले सगळे हसले होते. तोही हसला होता. आणि इकडून कुणी उलट लिहून पाठवलं नाही. काय लिहिणार होते? आपण दारात दिवा का लावतो, हे कुणी कुणाला कधी समजावून सांगतं का?

"मी त्याला शिव्या देत नाही," सवरियम्मा म्हणाली. "त्याच्या घरचं कुणी समुद्रावर जात नसेल. त्याला कसं ठाऊक असणार?" असं म्हणून तिनं आपली चिमणी उचलली आणि झोपडीकडं निघून गेली.

तो मीच, हे शब्द शेषगिरीच्या ओठांवर आले होते. आले आणि तिथंच राहिले. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं, पोरांनो.

झोप कसली लागते? चटईवर पडून तो छपराची करकर ऐकत होता. मेणबत्त्या विझल्या. बायका घरी गेल्या. वस्ती निजली. देवापुढची इवली चिमणी तेवढी जळत होती.

मध्यरात्र उलटून गेली असेल.

वारा. लाटा. पुन्हा वारा. आणि मधेच...

"करै एंगे...?"

किनारा कुठाय?

शेषगिरी उठून बसला.

माणसाचा आवाज होता. लांबून, पाण्यावरून आलेला. किंकाळी नव्हे, रडणं नव्हे. वाटसरू वाट विचारतो ना, तसा. फार थकलेला.

त्याला वाटलं, कुणीतरी वादळात सापडलंय. खिडकीशी गेला. बाहेर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. मग त्याला आठवलं... पितरांच्या दिवशी वस्तीतलं कुणी समुद्रावर जात नाही. सगळी माणसं संध्याकाळी थडग्यांपाशी होती. त्यानं स्वतः बघितली होती.

मग... हे कोण?

"अप्पा..." दुसरा आवाज. कोवळा. "अप्पा, करै एंगे...?"

विद्युलता, हात सोड माझा. बोटं मोडशील.

तो धावत देवापुढं गेला. चिमणी उचलली. ओंजळीनं आडोसा करत खिडकीत आणून ठेवली. विझली. काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. सर्द झालेली पेटी, तिसरी पेटेचना. रॉकेल? ते त्या एका दिव्यापुरतंच यायचं, त्याच्याच सहीनं.

अंधार.

"करै..."

आता डावीकडून. दूर चालला होता आवाज. दांड्याच्या बाजूला.

"इकडे!" शेषगिरी ओरडला. "इकडे! इकडे या!"

मोठ्यानं बोलायचीसुद्धा सवय नव्हती हो त्याला. पण गजांना तोंड लावून तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. थांबायचा. ऐकायचा. पुन्हा ओरडायचा.

दार ढकललं गेलं. सवरियम्मा. त्याच्या ओरडण्यानं जागी होऊन धावत आली होती, हातातली चिमणी वाटेतच विझलेली.

"काय झालं अय्या? कुणाला हाका मारताय?"

"तुला ऐकू येत नाही?"

ती खिडकीशी आली. श्वास रोखून ऐकलं.

"नाही. समुद्र आहे नुसता."

"दोघं आहेत..." शेषगिरी अजून गज धरून होता. "किनारा कुठाय म्हणून विचारतायत. एक पोरगा आहे... अप्पा म्हणतोय."

तिनं पुन्हा गजांना कान लावला.

"अम्मा... तेल मी कापलं. तो अधिकारी मी."

...

नुसत्या लाटा. शेषगिरी मला म्हणाला, "व्यासराज, तेवढ्या वेळात तिनं मला मारलं असतं तर मी हात वर केला नसता." अंधारात तिचं तोंडही दिसत नव्हतं त्याला.

शेवटी तिनं विचारलं, "अजून विचारतायत?"

"हो."

"कुठल्या बाजूनं?"

त्यानं डावीकडं हात केला. अंधारात तिनं चाचपून तो हात धरला, बाजू नीट ओळखून घेतली, आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, आपल्यातही नाही, त्यांच्यातही नाही. तिनं घेतलं.

"अरुळप्पा! इकडं! त्या बाजूला दांडा आहे, जाऊ नकोस! पोराला घेऊन इकडं ये!"

तिला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं, बघा. एक अक्षर नाही. तिला ऐकू येत होतं ते शेषगिरीच्या तोंडून.

"जवळ आले?"

"थोडे."

"अरुळप्पा! इकडं रे!... आता?"

"आले. अजून जवळ."

"आता?"

...

"अय्या, आता?"

"आता... विचारत नाहीत."

दोघं उभी राहिली. आले की गेले, कुणाला कळणार? समुद्र तसाच गर्जत होता. पुढं मग तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. दोघं भिंतीला टेकून बसली, दोन कोपऱ्यांत दोघं, आणि उजाडायची वाट बघत राहिली.

उजाडलं तेव्हा खालून गलका ऐकू आला. माणसं वाळूत गोळा झाली होती. भरतीच्या रेषेच्या वर चार ओंडके पडले होते. पडले होते म्हणतोय, पण तसं नव्हे. ओळीनं मांडले होते. एकेकाच्या मधे हवा खेळायला जागा सोडून, टोकं समुद्राकडं करून. समुद्रावरून घरी आलं की हे लोक तराफ्याची बांधणी सोडतात आणि ओंडके असे सुटे करून वाळत घालतात. रोजची रीत आहे ती. ह्या ओंडक्यांवर कालवं चढली होती, बोट बोट. वर्षभर पाण्यात राहिल्याशिवाय तेवढी चढत नाहीत. एक म्हातारा म्हणाला, समुद्र बांधलेलं मोडतो, असं सोडून ठेवत नाही. मग वस्तीतल्या कुणी केलं म्हणावं, तर जो तो दुसऱ्याकडं बघत होता.

सवरियम्मानं शेवटच्या ओंडक्यावरून हात फिरवला. आपल्या घरचे ओंडके ओळखायला तिला वेळ लागला नाही. पण ती तिथं थांबलीच नाही. काय मनात आलं कुणास ठाऊक, आपल्या झोपडीकडं पळत सुटली. शेषगिरी मागोमाग. तिची झोपडी मध्यरात्रीपासून रिकामी होती. ती तर त्याच्याजवळ चर्चमध्ये होती.

मच्छीमार ओंडके किनाऱ्यावर ठेवतो. बांधणीचा दोर तेवढा घरी आणतो.

दाराशेजारच्या खुंटीवर दोर टांगलेला होता. नीट वेटोळं करून. ओला. पाणी ठिबकून खाली वाळूत खळगा पडला होता.

तिनं तो दोर खुंटीवरून काढला, छातीशी धरला आणि उंबऱ्यात बसून रडायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा. शेषगिरी समोर उभा होता, तिला तो दिसतही नसावा. ती एकच म्हणत होती, "अय्यो, रात्री मी भात टाकला नव्हता रे... तुम्ही आलात, आणि घरात भात नव्हता..."