पिलावाचून

त्या वसंतात यांजमाचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. तसा तो कित्येक वर्षं हट्टीच होता. पण आता मानेपासून कोपरापर्यंत सगळं आवळून आलं, लोकरीचा ओला नमदा उन्हात वाळून कडक व्हावा तसं. उंटिणीचं दूध एका पायावर उभं राहून काढायचं असतं. दुसरा पाय मुडपायचा, मांडीवर कासंडी टेकवायची आणि दोन्ही हातांनी धार काढायची. एकट्या डाव्या हाताने अर्धं दूध गोबी वाळवंटाच्या खडीत जात होतं.

तालुक्याच्या दवाखान्यात फोटो काढून झाला होता. हाड शाबूत, सांधा शाबूत. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली, "काकू, तुम्ही अंगात काहीतरी धरून ठेवलंय. ते सोडा." यांजमा स्वतः पूर्वी सहकारी संस्थेच्या कळपावर जनावरांची डॉक्टर होती. सोडा म्हणजे नक्की काय करा, हे काही त्या बाईने सांगितलं नाही.

आणि वर चुलूनचे फोन. चुलून तिच्या भावाचा मुलगा, शहरात चौथ्या मजल्यावर राहणारा.

"आत्या, पिल्लं जरा सावरली की मी ट्रक घेऊन येतो. उंट विकून टाकू. इथे नळाला गरम पाणी येतं."

"तुझ्या नळाला कास आहे का रे?"

"हसण्यावारी नेऊ नकोस. दूध काढता येत नाही तुला. एकटी काय करणार तिथे?"

नवरा कधीच शहरात जाऊन तिकडचाच झाला होता. दाराशी उभं राहिलं की दक्षिणेला एक उतार दिसे, फिकट, गवताची चार ठोंबं असलेला. तिथे तिने एका वसंतात आपली मुलगी ठेवली होती. नाव ठेवायच्याही आधी गेलेली. यांजमा तेव्हा रडली नव्हती. पिल्लं जन्मायचे दिवस होते, कळपात काम होतं. रोज सकाळी मात्र ती आधी उताराकडे बघे आणि मग चूल पेटवी. चौथ्या मजल्यावरून तो उतार दिसणार नव्हता. मग त्याच्याकडे बघणारं कुणीच उरणार नव्हतं.

एका पहिलटकरीण उंटिणीने आपलं पांढरं पिल्लू झिडकारलं, म्हणून तिने दोल्गोरला निरोप धाडला. दोल्गोर तिची एकुलती एक शेजारीण, मोटारसायकलवरून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरची. उंटिणींना गाणं म्हणून पिल्लू घ्यायला लावणारी त्या भागात आता तीच उरली होती. पाठीला दोन तारांची सारंगी बांधून ती धुळीने माखलेली उतरली.

"कुठंय ती महाराणी? आणि तू गं, अशी वाकडी का उभी? पोतं उचललंस का डोंगर?"

दोल्गोरने रिवाजाप्रमाणे सारंगी आधी उंटिणीच्या पुढच्या वशिंडाला अडकवली. वाऱ्याने तारा आपोआप घुमू लागल्या. जनावर शांत झाल्यावर तिने सारंगी उतरवली, मांडीवर धरली आणि गज लावला.

*हूस, हूस, हूस…*
*वारा थकला, माती निजली, घे गं जवळी घे,*
*तुझीच ऊब तुझ्या दाराशी, घे गं जवळी घे…*

दिवस कलला तेव्हा उंटिणीच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. तिने मान वाकवून पिल्लाला शेपटीपाशी हुंगलं आणि पिल्लू कासेला लागलं. हे यांजमाने शेकडो वेळा पाहिलं होतं. नवीन होतं ते एवढंच, की दोरी धरून उभी असताना तिची उजवी बोटं आपसूक उघडली होती.

तिने विचार केला. खालचा सूर बरगड्यांत घुमतो, आखडलेला स्नायू त्या कंपाने सैल पडतो. यात अद्भुत काही नाही.

"अक्का," सकाळी चहा ओतताना ती म्हणाली, "हे माझ्यासाठी म्हण."

दोल्गोर खो खो हसली. "तू उंटीण कधीपासून झालीस? थुंकतेस मात्र तशीच."

"खांदा सुटतो त्याने. काल सुटला होता."

दोल्गोरचं हसू विरलं. "पिल्लू शेजारी उभं केल्याशिवाय हे गाणं म्हणत नाहीत. माझ्या आईने कधी म्हटलं नाही, तिच्या आईनेही नाही. अगं, हे गाणं 'घे' म्हणतं. 'सोड' नाही म्हणत."

"मला शब्दांशी काय करायचंय? मला नुसता आवाज हवा. हात चालला नाही तर चुलून मला घेऊन जाईल, अक्का. मग तू तरी कुणाकडे येशील चहाला?"

दोल्गोरने वाडगा रिकामा केला आणि सारंगी जवळ ओढली. तिच्याही वाटेवर आता दुसरं घर नव्हतं.

दुपारी त्या बाहेर बसल्या. दोल्गोरने सारंगी यांजमाच्या उजव्या खांद्याला अडकवली. वारा तारांत शिरला. घुमारा हाडातून जबड्यात, जबड्यातून पाठीत उतरला. मग सारंगी काढून तिने गायला सुरुवात केली. आधी जरा ओशाळून, मग डोळे मिटून.

यांजमाच्या हाताला आधी नुसत्या मुंग्या आल्या. मग खांद्याच्या तळाशी कुठेतरी एक गाठ सुटली आणि ती रडू लागली. आवाज नव्हता, चेहराही हलत नव्हता. नुसतं पाणी, त्या उंटिणीसारखं. हात वर गेला. डोक्याच्याही वर गेला.

दोल्गोरने गज बाजूला ठेवला, तोंड मिटलं.

घुमारा चालूच होता.

दोल्गोरने तारांवर तळवा दाबला. वारा केव्हाचा पडला होता. चुलीचा धूर सरळ उभा होता. दक्षिणेकडून तो खालचा सूर अजून थोडा वेळ आला, हळूहळू जवळ येत, आणि दाराशी थांबला.

"उंट असेल एखादा," यांजमा म्हणाली.

"असेल," दोल्गोर म्हणाली. चहा न घेताच ती निघून गेली.

हात मात्र खरोखर बरा झाला. यांजमा एका पायावर उभी राहून भराभर धारा काढू लागली. एक गोष्ट तेवढी निराळी होती. उंटीण आधी पिल्लाने लुचल्याशिवाय पान्हा सोडत नाही. ती पहिलटकरीण आता पिल्लू खुंट्याच्या दोरीला बांधलेलं असतानाच पान्हा सोडी आणि मान वाकवून पोटाखाली हुंगत राही. उतारवयात आपलीच बोटं मऊ झाली असतील, असं यांजमाने ठरवलं.

मग दोरीवरची पिल्लं. ती नेहमी एकमेकांना चिकटून बसत. आता मध्ये एक जागा सोडून बसू लागली. त्या जागेतली खडी सकाळी कोमट लागे.

मग हात. दिवेलागणीला तो जड होई, कोपरात आपोआप मुडपे आणि तसाच राही. दुखत नव्हता. सुटलेल्या स्नायूत रक्त परत येतंय, ती स्वतःला सांगे. तो सरळ करावा असं तिला वाटत नसे. आणि सकाळी उठल्यावर ती उताराकडे बघायला विसरू लागली होती.

चुलून ट्रक घेऊन आला. तिने त्याच्यासमोर पाची उंटिणी पिळल्या, कासंडी फेसाने भरून त्याच्या हातात दिली.

"बोल. कोण एकटी आणि कोण लुळी?"

"हरलो बाई!" तो हसत म्हणाला. "ट्रकचं तेल फुकट गेलं. पण रंग आलाय हं तुझ्या चेहऱ्यावर. कुणी म्हातारा-बितारा गाठलास की काय?"

"मेल्या, चहा पी."

तिन्हीसांजेला उंट बघून यायला ती उठली. धुतलेला फिका देल, तो लांब अंगरखा, तिने अंगात चढवला, कमरपट्टा आवळला. दाराकडे जाता जाता वाकली, कढईच्या बुडाला उजवा अंगठा घासला आणि पडदा सारून बाहेर पडली.

चुलून बघत राहिला. लहान मूल अंधार पडताना बाहेर नेलं, की कपाळाला काजळीचं बोट लावायचं. वाईट नजरेला ते सशाचं पिल्लू वाटावं म्हणून. त्याच्या आईनेही त्याला लावलं होतं.

ती परत आली तेव्हा त्याने थट्टेच्या सुरात विचारलं, "आत्या, काजळी कुणाला लावलीस गं?"

यांजमाने अंगठ्याकडे पाहिलं. तो काळा होता. तिला आठवेना.

"कढई पुसली असेन."

"आणि बाहीला?"

उजव्या बाहीवर, कोपराच्या आतल्या खळगीत, एक लहानसा गोल डाग होता. डावा हात स्वच्छ होता. उजवा अंगठा उजव्याच कोपराच्या खळगीपर्यंत पोचत नाही, एवढं शरीरशास्त्र तिला येत होतं.

"धुऊन टाक, डाग बसेल," चुलून म्हणाला.

तिने हात मुडपून छातीशी धरला, मान वाकवली आणि डागाच्या किंचित वर, जिथे काहीच नव्हतं तिथे, लांब श्वास घेऊन हुंगलं.

"हळू बोल," ती म्हणाली.