हात लाव

दुपारच्या जेवणाची ट्रॉली निघून गेली आणि श्रद्धा सिस्टर म्हणाल्या, "काका, उठा. फेऱ्या मारायच्यात. पलंगाला मुळं फुटतील."

मच्छिंद्र उठला. तीस वर्षं मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहिलेला हमाल, पण आता सलाइनचा स्टँड ढकलतानाही त्याला धाप लागत होती. मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ डॉक्टरांनी दुर्बिणीने काढली होती. पोटावर चार बारीक भोकं आणि बोटभर चीर, एवढंच. पण चौथा दिवस उजाडला तरी आतडं हलत नव्हतं. वारा सरत नव्हता. पोट फुगून टणक झालं होतं.

"संध्याकाळपर्यंत पोट बोललं नाही, तर परत आत बघावं लागेल," डॉक्टर सकाळी म्हणाले होते. त्या 'परत'ने त्याची झोप उडवली होती.

बायको, मुक्ताई, खाली औषधं आणायला गेलेली. कॉरिडॉर रिकामा. फिनेलचा वास, फरशीवर उन्हाचे चौकोन. दुसऱ्या फेरीला त्याला चाक ऐकू आलं. कुईं... कुईं...

पुढे एक म्हातारा पाठमोरा चालला होता. त्याच्याही हातात स्टँड. जवळ गेल्यावर फिनेलचा वास मागे पडला आणि बंद गाळ्यातल्या ओल्या गोणपाटाचा वास आला.

"किती फेऱ्या झाल्या, बाबा?"

"पोट बोलेपर्यंत चाल म्हणालेत," म्हातारा पुटपुटला. "चालतोय..."

"कधीपासून?"

म्हातारा थांबला, पण वळला नाही. "चाक अडलंय. जरा हात लाव ना..."

यार्डात कुणी हात लाव म्हटलं की हमाल नाही म्हणत नाही. ओळख नसली तरी, स्वतःच्या पाठीवर पोतं असलं तरी. मच्छिंद्रने स्टँडला हात घातला. लोखंड बर्फासारखं गार होतं, आणि जड... भरल्या पोत्याहून जड.

"घेतलंस?"

"घेतलं," तो सवयीने म्हणाला. ते ऐकल्याशिवाय पहिला माणूस ओझं सोडत नसतो.

म्हाताऱ्याने सोडलं. कॉरिडॉरमध्ये दुसरा स्टँड नव्हता. म्हातारा नव्हता.

संध्याकाळी सिस्टरनी पोटाला स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. "आवाज आहे, काका. जरा वेगळाच आहे... पण आहे." डॉक्टर खूश झाले. परत कापायचं टळलं.

चार दिवसांनी तो बिबवेवाडीच्या खोलीत आला. भूक लागायची, पोट साफ व्हायचं. फक्त बसवत नव्हतं. बसला की आत काहीतरी ओढायचं, म्हणून तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहायचा.

"अहो, बसा बघू. टाके बघू दे," एका दुपारी मुक्ताई म्हणाली. तो बसला. ती वाकली आणि तिथेच थबकली. मग तिने हळूच कान लावला.

"गॅस असेल," तो म्हणाला.

"गॅस नाही. चाक वाजतंय..." ती कुजबुजली. "इकडून तिकडं जातंय... वळतंय." तिने कान आणखी दाबला. "थांबलं. अहो, कुणीतरी म्हातारं माणूस आहे. हात लाव म्हणतंय..."

मुक्ताई वीस वर्षं यार्डातच कांदे निवडायची. तिचा तळहात आधीच त्याच्या पोटावर टेकला होता.

"बोलू नकोस," मच्छिंद्र म्हणाला. "काहीपण विचारू दे, बोलू नकोस..."

पण तिने कान उचलला नव्हता. तिला आतलंच ऐकू येत होतं. आणि तिचे ओठ हलले.