उमाळ्यावरून जाणारा रस्ता

संस्कृतीने ड्रोन पाडलं, तेव्हा ते ड्रोनच आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे गावाने या गोष्टीला भरपूर तिखटमीठ लावलं. कुणी म्हणालं, पोरीला घार वाटली. कुणी म्हणालं, चोरांचं विमान वाटलं. तसलं काही नव्हतं. जानेवारीतली सकाळ होती, शाळू हुरड्यात आला होता, आणि माचाणावर उभी राहून ती गोफणीने पाखरं हाकत होती. तेवढ्यात ते घरघरणारं यंत्र नेमकं तिच्या वावरावर येऊन तरंगत राहिलं. तिने गोफणीत ढेकूळ घातलं, दोनदा फिरवलं आणि सोडलं. नेम लागेल असं मात्र तिलाही वाटलं नव्हतं.

पाच मिनिटांनी शाळूच्या ताटांमधून वाट काढत एक तरुण आला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दंडावर पानांचे ओरखडे, बुटांत माती.

"अहो— ते माझं ड्रोन होतं!"

"आनि हे माझं वावर हाय. यायच्या आधी इचारलं हुतं का?"

"खाली उतरायला विचारावं लागतं. पण वर..."

"वर काय? आभाळ कंपनीनं इकत घेतलंय?"

तो थांबला. चष्मा वर सरकवून त्याने खरोखर विचार केला, आणि म्हणाला, "नाही. चुकलंच माझं. आधी विचारायला पाहिजे होतं."

संस्कृतीने पुढची तीन उत्तरं जय्यत तयार ठेवली होती. ती सगळी फुकट गेली. माफी मागणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी तीच खाली उतरली आणि ड्रोनचं तुटलेलं पातं त्याच्याबरोबर शोधू लागली.

त्याचं नाव अमृत. नगरजवळच्या केडगावचा. खर्डा गावाच्या वरच्या माळावर पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या कंपनीत जमीन विभागात होता. शेतकऱ्यांना भेटायचं, कागद समजावून सांगायचे आणि संमतीच्या सह्या घ्यायच्या, हे त्याचं काम. माळाच्या माथ्यावरची पाच एकर जमीन संस्कृतीच्या आईची होती. आई गेल्यावर सातबाऱ्यावर संस्कृतीचं नाव लागलं. म्हणजे सही तिचीच हवी होती.

पुढच्या आठवड्यात तो आला, तो वेशीपासून फोन करून. "येऊ का?"

"या की. पन जमिनीवरनं या."

आत्या, रतनबाई, चुलीपाशी बसल्या बसल्या हसली. वडील, गोरक्षनाथ अण्णा, ओट्यावर तंबाखू मळत होते. त्यांचा जीव कधीचाच पवनचक्कीत गुंतला होता. "माळावर कुसळाबिगर काय उगवत न्हाई," ते अमृतला म्हणाले. "वारं तेवढं रात्रंदिन फुकट जातंय. त्याची वीज हुती म्हनल्यावर वाईट काय हाय?"

वाईट काही नव्हतं, हे संस्कृतीलाही पटत होतं. विजेची पाळी रात्री दोनला आली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला तीच जायची. वीज कुठून तरी यायलाच हवी होती. पण करारनाम्याची एकेक ओळ तिने वाचली, पेन्सिलीने खुणा केल्या, आणि शेवटच्या पानावरचा नकाशा बघून ती थबकली. चक्कीची लांबलचक पाती वर न्यायला दहा मीटर रुंदीचा रस्ता लागणार होता, आणि त्याची लाल रेघ...

"हितं तर उमाळा हाय."

"नकाशात पडीक लिहिलंय."

"नकाशा काडणाऱ्याला तहान लागली नसंल. चला, दावते."

दोघं माळ चढले. पुढे ती, मागे तो, आणि दोघांच्या मध्ये वारा. ओंजळभर हुरडा तिने ओच्यात घेतला होता. वाटेत ती तो तळहातावर चोळायची, फुंकर घालून कोंडा उडवायची आणि न बोलता हात मागे करायची. पहिल्यांदा तो "नको" म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला नाही. तिसऱ्यांदा दाणे घेताना त्याची बोटं तिच्या तळहातावर क्षणभर जास्तच रेंगाळली... आणि तिने मागे वळून न बघायचं ठरवलं. हे ठरवणं किती अवघड होतं, हे तिचं तिलाच माहीत.

उमाळा म्हणजे खडकाच्या खोबणीतून झिरपणारं पाणी. परातीएवढा खळगा, पण मे महिन्यातही आटत नाही. खालच्या पाच विहिरी याच्याच जिवावर. ओल्या मातीत लांडग्याच्या पावलांचे ठसे होते, आणि वर कुठेतरी चंडोल गळा मोकळा करून गात होता.

"सुरुंग लावून खडक फोडला तर पानी कुटं जाईल, सांगता येत न्हाई," ती म्हणाली. "पाच घरांचं पानी हाय हे. या जनावरांचं तर दुसरं काईच न्हाई."

अमृत गुडघ्यावर बसला. ओंजळीने पाणी प्यायला. मग वही काढून विचारू लागला— या खळग्याला काय म्हणतात? त्या टेकाडाला? ही जुनी गाडीवाट कुठे निघते? ती सांगत गेली, तो लिहीत गेला.

"एवढी नावं कशापाई?"

"नकाशात नाव नसलं की ती जागा रिकामी वाटते."

संस्कृतीला तो त्या क्षणी आवडला. गोष्टीत असं सरळ सांगू नये म्हणतात. पण आवडला तर आवडला.

त्यानंतर तो वरचेवर येऊ लागला. कधी मोजमाप राहिलं म्हणून, कधी एखादा कागद दाखवायचा म्हणून. एकदा तर नुसता टेप विसरला म्हणून आला, आणि टेप त्याच्या खिशातच निघाला. आत्याने तिला चहात साखर दोनदा घालताना पाहिलं, पण त्यावर बोलली ती थेट महिन्याने.

"पोरगं गुनाचं हाय. पन एक ध्यानात ठिव. आपल्या भावकीतल्या वाल्मिककडं बी कंपनीचा मानूस असाच गोड बोलत यायचा. सणाला पेढं, वैनीला लुगडं. सही झाली, त्यानंतर फिरकला न्हाई."

शब्द काट्यासारखा रुतला तो रुतलाच. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी अमृत आला, तेव्हा ती त्याला उमाळ्यापाशी घेऊन गेली आणि सरळच विचारलं.

"हे येनं-जानं, हे बोलनं... सहीसाठी हाय का?"

अमृतचा चेहरा उतरला. हातातली वही त्याने खिशात घातली.

"बोला ना."

"आत्ता मी काहीही बोललो तरी ते कंपनीचं बोलणं वाटेल," तो हळू म्हणाला. "तुम्हालाही... आणि खरं तर मलाही."

एवढं बोलून तो माळ उतरून गेला.

मग आठवडा गेला, दुसरा गेला. शाळूची काढणी झाली, कणसं खळ्यात आली. फोन नाही, निरोप नाही. संस्कृती काम उरकत होती, हसतही होती. पण मोटारसायकलचा आवाज आला की हातातला विळा थांबायचा. आपण विचारायला नको होतं, असं तिला रोज वाटायचं. आणि विचारलं ते बरोबरच होतं, हेही रोज पटायचं.

मार्च संपता संपता कंपनीने तिला ग्रामपंचायतीत बोलावलं. अण्णा आणि आत्या बरोबर होते. खुर्चीत मात्र भलताच माणूस, जाड मिशांचे नवे साहेब. त्यांनी नवा नकाशा पसरला. रस्ता उमाळ्यापासून पार लांब, जुन्या गाडीवाटेने वळला होता. चक्की पूर्वेच्या टेकाडावर सरकली होती. उमाळ्याभोवती खोदकाम करायचं नाही, हे अटीत स्पष्ट लिहिलेलं. आणि नकाशावर नावं होती. तिने सांगितलेली सगळीच्या सगळी.

"हे कोनी केलं?"

"अमृतने. आमचे इंजिनिअर महिनाभर तपासत होते, आता मंजूर झालं. पण हा नकाशा दिला त्याच दिवशी त्याने तुमची फाईल सोडली. हल्ली कोल्हारला असतो, सोलरच्या कामावर."

"का सोडली?"

साहेब खाकरले. "तसं पत्र आहे फाईलला. मालकाला सगळे कागद बघायचा हक्क आहे, असं तोच म्हणायचा. तेव्हा..." आणि त्यांनी सरकारी सुरात मोठ्याने वाचायला घेतलं:

"'सदर जमिनीच्या मालक संस्कृती यांच्याविषयी माझ्या मनात ओढ निर्माण झाली असून, पुढे त्यांच्याशी नाते जुळण्याची शक्यता आहे. त्यामुळे त्यांची संमती घेण्याचे काम माझ्याकडे ठेवणे उचित होणार नाही. त्यांनी सही केली अथवा न केली, तरी माझ्या मनात फरक पडणार नाही. आपला विश्वासू—'"

चहा आणणारा शिपाई दारातच उभा राहिला. आत्याने पदर तोंडाला लावला. अण्णा पंख्याकडे असे बघत बसले, जणू पंखा आजच बसवलाय.

संस्कृतीचे कान तापले होते. तरी तिने करारनामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचला. मनाजोगता होता. तिने सही केली, पेन नीट बंद केलं, ते पत्र उचललं आणि बाहेर लिंबाखाली जाऊन फोन लावला.

"हॅलो..." अमृतचा आवाज एवढासा झाला होता.

"सही केली मी. रस्ता पटला म्हनून केली."

"आणि उमाळा?"

"हाय तसा ऱ्हातोय. आनि पत्र वाचलं."

पलीकडून घाईघाईने प्रश्न आला, "कुणी कुणी?"

"सगळ्यांनीच. अण्णांनी, आत्यानं... शिपायानं बी."

"अरे देवा."

"मला सोडून साऱ्या हापिसाला सांगून मोकळं झाला तुमी. आनि त्यात बी चूक केली."

"चूक? कुठली?"

"शक्यता हाय, असं लिवलंय." पत्राची घडी उलगडून तिने तो शब्द पुन्हा एकदा वाचला. "शक्यता कशाला? मला बी तुमी आवडता. लई आवडता. रविवारी घरी या आनि अण्णांशी बोला. तवा तरी 'शक्यता' म्हनू नका."

वारा लिंबातून सळसळत गेला. पलीकडे काहीतरी धडपडल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"संस्कृती... रविवार फार लांब आहे गं," तो म्हणाला. तो तिला पहिल्यांदाच 'गं' म्हणाला होता.

फोन ठेवून ती आत आली. अण्णा अजून पंख्याकडेच बघत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "काय म्हनला?"

"निघालाय," ती म्हणाली.